चौथी बादली

कुलर चालू असला की माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही,
बंद केला की कोणी ऐकत नाही.
गोळीबार चौकात, सुताच्या दुकानावरची ही खोली,
नवतप्याचा तिसरा दिवस,
अकरावीचं अर्थशास्त्र, सुट्टीतला जादा वर्ग.
दहा मिनिटं बंद करते, म्हणाले,
एक व्याख्या सांगून होईल, एवढीच.

साधनं मर्यादित, गरजा अमर्याद.
लिहून घेतलं त्यांनी. एकीच्या हनुवटीवरचा थेंब
'अमर्याद'वर पडला, शाई पसरली.
एक निवडलं की बाकीचं सुटतं;
सुटलेल्यांत जे सगळ्यांत चांगलं होतं
तोच निवडीचा खर्च.
उदाहरण पुस्तकातलंच दिलं: एक शेत, गहू किंवा कापूस.
एकवीस वर्षं मी त्या शेतात उभी आहे.
अजून काही पेरलेलं नाही.

त्रिवेणी पराते उठली, मी न विचारता.
"मॅडम, शेत नाही आमच्याकडे. बादल्या सांगू?"

"तांडापेठेत नळ पावणेपाचला येते, सव्वापाचला जाते.
धार बारीक. चार बादल्या होतात.
दोन प्यायला-रांधायला, एक भांडी-आंघोळीला.
भांडण चौथीचं आहे.
बाबा रात्री पॉवरलूमवर, दिवसा झोपतात.
चौथी कुलरमध्ये ओतली तर पाच तास झोप.
नाही ओतली तर दोन, मग रात्री डोळा लागते,
धागा तुटते, मालक मीटरमागे पैसे कापते.
आणि आईनं महालातल्या तीन घरच्या कुरडयांचा गहू भिजवला आहे.
त्याचं पाणी रोज बदलावं लागते.
नाही बदललं तर गहू नासते,
यंदाची ऑर्डर जाते, पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही."

खालच्या दुकानात कोणीतरी सुताची पेटी
फरशीवरून ओढत होतं.
मी फळ्यावर डावीकडे लिहिलं, झोप.
उजवीकडे, गहू.
रुपये विचारले. तिला पाठच होते,
दिवसाचे धरले तर झोपेचे एकशे चाळीस, गव्हाचे एकशे साठ.
मला, खरं सांगते, बरं वाटलं.
वीसचा स्वच्छ फरक. परीक्षेत देता येईल असा.

"म्हणजे चौथी गव्हात."
"हो."
"आणि बाबांची झोप हा तिचा खर्च."
"नाही मॅडम. बाबा झोपतात."

"खिडकीला ओली चादर लावतो.
भांडी धुतलेलं पाणी चालते तिला.
फक्त दर पंधरा मिनिटांनी एक गडू मारावा लागते,
नाही तर खडखडीत वाळते.
कोणीतरी जागं पाहिजे. आईचे हात चिकात असतात."
ती खाली बघून पेनाचं टोपण
लावत काढत राहिली.
"म्हणून सोमवारी नव्हते आले. मंगळवारी पण."

हजेरीपट टेबलावर उघडाच होता.
तिच्या ओळीत लाल शाईचे दोन 'गै',
माझ्याच हातचे, वळणदार.
फळ्यावर झोप आणि गहू यांच्या मधोमध
बरीच जागा उरली होती.
खडू तिथपर्यंत नेला.
काय लिहू, आणि त्याच्यापुढे किती रुपये?

मागून ढोबळे म्हणाला,
"मॅडम, हे किती मार्काचं येते?"
दोन.
"मग कुलर लावा नं."

लावला.
गवताच्या जाळीतून वाळ्याचा वास आला,
वह्यांची पानं उडायला लागली,
त्रिवेणीनं तिची कोपराखाली दाबून धरली.
दाराशी झिबलभाऊ पाण्याचा पाइप गुंडाळत उभे होते.
ओरडून विचारलं त्यांना,
दिवसाला किती बादल्या लागतात हो ह्याला?

कानाला हात लावून त्यांनी दुसऱ्यांदा ऐकलं.
"मोजत नाही जी. पाइप सोडून ठेवतो.
खाली रस्त्यावर वाहायला लागलं
की समजते, भरला."